सोळा ठिपक्यांची ओळखपाळख

कवितेचं रसग्रहण आपण शाळेपासून करत आलो. बंदिशीचं करतो, नाटकाचं करतो, क्वचित एखाद्या वास्तूचंही. आकृतीच्या वाट्याला ते सहसा येत नाही. आकृती वहीत काढायची, बिंदूंना नावं द्यायची आणि मार्क घेऊन मोकळं व्हायचं. पण एखादी आकृती अशी निघते की तिच्यापाशी थांबावंच लागतं. तशी एक आकृती 1959 साली एका मराठी गणितज्ञाच्या हातून जगापुढे आली. 16 ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या 48 रेघा, एवढाच तिचा ऐवज. गणितात तिला 'श्रीखंडे ग्राफ' म्हणतात. जाळ्यातले ठिपके नि रेघा पाहून माणसं ओळखू पाहणाऱ्या संगणकाच्या पद्धतींवर लिहिणारे आज तिला वारंवार बोलावतात, आणि तेही बहुतेक वेळा एखाद्या पद्धतीची रग जिरवायला.

शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म 1917 चा, सागरचा. त्या काळी सागर काय, आमचं बुरहानपूर काय, सगळा मुलूख मध्य प्रांतात मोडायचा आणि त्याची राजधानी होती नागपूर. श्रीखंडे शिकले नागपूरच्या सायन्स कॉलेजात आणि पुढे तिथेच शिकवू लागले. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांना राजचंद्र बोस भेटले. बोस अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले, तिथे त्यांच्याच हाताखाली श्रीखंड्यांनी 1950 साली डॉक्टरेट मिळवली. 1963 पासून पंधरा वर्षं मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा त्यांनी वाहिली. 2020 साली गेले तेव्हा वय 102.

त्यांचं नाव निघालं की गणितज्ञ ऑयलरची गोष्ट सांगितली जाते, आणि ती आहेही सांगण्याजोगी. लॅटिन चौरस म्हणजे ज्याच्या कुठल्याही ओळीत वा रांगेत एक चिन्ह दोनदा येत नाही असा चौरस; अशा चौरसांच्या जोड्यांबद्दल ऑयलरने 1782 साली एक भाकीत करून ठेवलं होतं. बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी 1959 मध्ये ते खोटं पाडलं आणि एप्रिलमध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी झळकली. ते असो. त्याच वर्षी 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स'मध्ये श्रीखंड्यांचा एकट्याचा एक निबंध छापून आला. बातमी व्हावी असं त्यात काही नव्हतं. मला विचाराल तर रस त्यात जास्त आहे.

आकृती काढायची रीत सोपी. चार ओळींत चार-चार ठिपके मांडा. प्रत्येक ठिपका उजव्या-डाव्या शेजाऱ्याला जोडा, वरच्या-खालच्याला जोडा, आणि एकच तिरकी दिशा धरा: उजवीकडे वर, आणि तिच्याच उलट टोकाला डावीकडे खाली. दुसऱ्या तिरक्या दिशेला हात लावायचा नाही. म्हणजे प्रत्येकाला सहा शेजारी. कडेच्या ठिपक्याचं काय? तो उजवीकडून बाहेर पडला की त्याच ओळीत डावीकडून आत येतो, वरून गेला की खालून उगवतो. गणितज्ञ याला 'टोरस' म्हणून मोकळे होतात. बुरहानपुरात पॉवरलूमवर कापड निघतं, त्याचा चौकोनी तुकडा हातात घ्या. डावी किनार उजवीला शिवली की नळकांडं होतं; त्या नळकांड्याची दोन तोंडं एकमेकांना शिवली की बांगडीसारखं पोकळ वेटोळं. त्याच्यावर आता कडेचा ठिपका असा कुणी उरतच नाही. सोळाही जण सारख्याच मध्यात.

कागदावर या रेघा एकमेकींवर चढतात आणि काही कळेनासं होतं. म्हणून मी ती एकदा बुरहानपूरच्या राजघाटाच्या पायरीवर खडूने काढली. तापीचं पाणी उतरलेलं असलं की खालच्या पायऱ्या मोकळ्या असतात, आणि दगड लांबरुंद. बाहेर जाणाऱ्या रेघांना बाण केले, एवढीच सोय. खडू तीन रंगांचे होते: लाल, पिवळा, निळा. ठरवलं, जोडलेल्या दोन ठिपक्यांना एक रंग येऊ द्यायचा नाही.

ग्राफला रंग देणं म्हणतात ते हेच. लंडनच्या फ्रान्सिस गथ्री याने 1852 साली इंग्लंडच्या नकाशावरचे परगणे रंगवताना विचारलेल्या प्रश्नातून हा विषय निघाला, आणि नकाशाला चार रंग पुरतात हे सिद्ध व्हायला 1976 उजाडलं. तेही संगणकाच्या मदतीने. आज परीक्षेचं वेळापत्रक लावताना, मोबाइलच्या टॉवरांना लहरी वाटून देताना हेच चालतं. सुडोकू सोडवणारा माणूसही 81 ठिपक्यांना नऊ रंग देत असतो, त्याला ते ठाऊक नसतं इतकंच.

पायरीवर काय झालं ते सांगतो. खालच्या ओळीतला पहिला ठिपका लाल केला, दुसरा पिवळा. त्या दोघांचा मिळून जो वरचा शेजारी (पहिल्याचा तिरका, दुसऱ्याचा सरळ), तो निळाच होणार. त्याला दुसरी वाट नाही. इथून पुढे माझ्या हातात काही उरलं नाही. ही सगळी आकृती त्रिकोणांनी विणलेली आहे आणि एका त्रिकोणाला लागून दुसरा. दोन रंग ठरले की तिसरा ठरतो, तिसऱ्यावरून शेजारच्या त्रिकोणाचा. खालच्या ओळीतला तिसरा ठिपका निळा आला. चौथा आला लाल. आणि चौथ्याचा उजवा शेजारी म्हणजे कापडाच्या शिवणीपलीकडचा पहिला. तोही लाल. तीन रंगांची लय चार घरांच्या ओळीत बसत नाही; तीनताल चालू असताना मध्येच सम यावी, तसा तो ठिपका येतो. कुठूनही सुरुवात करा, तिथेच येऊन अडता.

चौथा खडू, हिरवा, दुकानातून आणला. मग मात्र आकृती कशी उलगडते पाहा. पहिली ओळ लाल, पिवळा, निळा, हिरवा. दुसरी ओळ दोन घरं सरकवून: निळा, हिरवा, लाल, पिवळा. तिसरी पहिल्यासारखी, चौथी दुसऱ्यासारखी. संपलं. 48 पैकी एकाही रेघेच्या दोन्ही टोकांना एक रंग नाही. तिरक्या रेघाही तपासल्या, जुळतात.

यातली गंमत अशी की चार रंग लागण्याचं उघड कारण या आकृतीत कुठेच दिसत नाही. चौघेजण एकमेकांचे शेजारी असते तर चार रंग लागणारच. पण श्रीखंडे ग्राफमध्ये परस्परांना ओळखणारे तिघे सापडतात, चौघे कधीच नाहीत. कुठलाही छोटा तुकडा उचलून पाहिलात तर तीन रंगांत भागेल असं वाटतं. अडचण तुकड्यात नाहीच, ती पूर्ण फेऱ्यात आहे. फेरा मारून घरी परत आल्यावरच ती कळते.

रंग देण्याच्या पद्धती म्हणजे अल्गोरिदम अनेक आहेत. 1967 च्या वेल्श-पॉवेल पद्धतीत ज्याला शेजारी जास्त त्याला आधी रंगवतात. इथे सगळ्यांनाच सहा शेजारी, तेव्हा ही पद्धत सुरुवातीलाच डोकं खाजवत उभी राहते. दानिएल ब्रेलाझची 1979 ची पद्धत अधिक चतुर: ज्याच्या भोवती सर्वांत जास्त वेगवेगळे रंग झालेत, म्हणजे जो सर्वांत कोंडीत सापडलाय, त्याला आधी न्याय द्या. पायरीवर मी नकळत तेच करत होतो. मोठ्या जाळ्यात मात्र कमीत कमी किती रंग लागतील हे नेमकं आणि झटपट सांगणारी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. रिचर्ड कार्प यांनी 1972 साली अवघड प्रश्नांची जी 21 जणांची यादी केली, तीत हा प्रश्न आहेच.

आता या आकृतीच्या जुळ्या भावाकडे वळू. 4 बाय 4 चा बुद्धिबळाचा पट घ्या. हत्ती ज्या घरातून ज्या घरात एका चालीत जाऊ शकतो ती दोन घरं जोडा. म्हणजे एका ओळीतले सगळे परस्परांचे शेजारी, एका उभ्या रांगेतले सगळे परस्परांचे शेजारी. इथेही 16 ठिपके, इथेही प्रत्येकाला सहा शेजारी, इथेही 48 रेघा. रंगही चारच लागतात. आणि आणखी एक साम्य आहे, ते फेसबुकच्या भाषेत सांगितलं की चटकन कळतं: दोन्ही आकृत्यांत कोणतेही दोघे घ्या, ते एकमेकांचे मित्र असोत वा नसोत, त्यांचे म्युच्युअल फ्रेंड्स नेमके दोन.

एखाद्या अनोळखी माणसाची रिक्वेस्ट आली की आपण पाहतो तो हाच आकडा. दोन-चार म्युच्युअल दिसले की अंगठा पुढे सरकतो. खोटं खातं उघडणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. काकांचा फोटो लावून काकांच्याच नावाने नवं खातं काढायचं, आधी दोन भोळ्या पुतण्यांना जोडून घ्यायचं, मग त्या दोघांच्या जोरावर बाकीच्या गोतावळ्यात शिरायचं आणि आठवड्याभरात "अर्जंट आहे, पैसे पाठव" चालू. आकडा खरा असतो. दोन्ही पुतणे खरे असतात. काका तेवढे खोटे.

श्रीखंड्यांच्या निबंधाचा विषय नेमका हा होता, फक्त त्यांच्या डोळ्यांपुढे फेसबुक नव्हतं, शेतीच्या प्रयोगांची मांडणी होती. चौरसात मांडलेल्या प्रयोगांत एका ओळीतले नि एका रांगेतले प्रयोग 'पहिल्या नात्याचे' धरतात. प्रश्न असा: ठिपके किती, शेजारी किती, म्युच्युअल किती, एवढे आकडे दिले तर हत्तीच्या पटाची आकृती आपोआप ठरते का? की त्याच आकड्यांत दुसरीच कोणी लपून बसू शकते? श्रीखंड्यांचं उत्तर वाचताना अंगावर शहारा येतो. तीनच्या पटाला आकडे पुरतात. पाचच्या पटाला पुरतात, सहाच्या, शंभराच्याही. एकट्या चारच्या पटाला पुरत नाहीत, आणि तिथे लपून बसलेली आकृतीही एकच आहे, दुसरी नाही. नियम सिद्ध करायला निघालेल्या माणसाच्या हाती नेमका एक अपवाद लागला, आणि आज जग त्याला त्या नियमापेक्षा त्या अपवादावरून ओळखतं.

मग या दोन जुळ्यांना ओळखायचं कसं? एका ठिपक्याचे सहा शेजारी बाजूला काढा आणि ते आपसात कसे जोडलेत ते बघा. हत्तीच्या पटावर तिघांचे दोन कंपू निघतात: ओळीतले तिघे एकमेकांचे, रांगेतले तिघे एकमेकांचे, आणि दोन कंपूंत बोलणं बंद. श्रीखंडे ग्राफमध्ये तेच सहाजण हाताला हात धरून एक गोल फेर धरतात. प्रत्येकाची ओळख डाव्याशी नि उजव्याशी, समोरच्याशी नाही. माझ्या मते या आकृतीतली सर्वांत सुंदर जागा ही. माणसं तेवढीच, ओळखी तेवढ्याच, आणि एका गावात कंपू, दुसऱ्या गावात फेर.

यावरून दुसरा प्रश्न निघतो, जो फेसबुक विचारत नाही. म्युच्युअल दोन आहेत हे ठीक, पण ते दोघे एकमेकांना ओळखतात का? हत्तीच्या पटावर मित्रांचे दोन म्युच्युअल एकमेकांचे मित्र असतातच. श्रीखंड्यांच्या आकृतीत ते कधीच नसतात. खानदेश-निमाडातल्या जुन्या बायका सोयरीक जुळवताना हेच करायच्या. "अमक्याच्या ओळखीचे आहेत" एवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं नाही. अमका आणि तमका एकाच घरचे की दोन वेगळ्या गावांचे, एकाने सांगितलेलं दुसऱ्याने ऐकून तर सांगितलं नाही ना, इथपर्यंत चौकशी जायची. एकाच चुलीवरच्या दोन साक्षी त्या एकच धरायच्या.

संगणकाला ही चौकशी जमायला वेळ लागला. बोरिस वाइसफायलर आणि आंद्रेई लेमन यांनी 1968 साली दोन ग्राफ वेगळे ओळखण्याची एक युक्ती मांडली, आणि तीही रंगांचीच आहे. आधी सगळ्यांना एकच रंग. मग प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्यांचे रंग मोजायचे. ज्यांची मोजदाद वेगळी त्यांना नवा रंग. असं करत जायचं, रंग बदलायचे थांबेपर्यंत. गावात सरपंच, दुकानदार, नुकताच राहायला आलेला, असे सगळे हळूहळू वेगळ्या रंगांत उठून दिसतात. श्रीखंडे ग्राफवर ही युक्ती चालवली तर पहिल्या फेरीत सगळे एकाच रंगाचे, शेवटच्या फेरीतही एकाच रंगाचे. युक्ती सुधारून जोड्या-जोड्यांना रंग दिले तरी मित्रांच्या जोड्या आणि मित्र नसलेल्यांच्या जोड्या यांपलीकडे फरक पडत नाही, आणि हत्तीच्या पटावरही उत्तर हुबेहूब तेच येतं. 2019 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की ग्राफवर चालणारी नेहमीच्या घडणीची न्यूरल नेटवर्क्स, जी खोटी खाती हुडकायलाही कामाला लावतात, ती मूळ युक्तीपेक्षा जास्त काही पाहू शकत नाहीत. तेव्हापासून नवी पद्धत घेऊन येणाऱ्याला लोक आधी ही जोडी दाखवतात: या दोघांत फरक करून दाखव, मग बोलू. चौघांना एकदम पाहणारी पद्धत पास होते, कारण हत्तीच्या पटावर चौघांचे आठ पक्के कंपू आहेत आणि श्रीखंड्यांच्या आकृतीत एकही नाही.

इथे एक सावधगिरी हवी. कंपू खरा आणि फेर खोटा, असं काही नाही. उलट खोट्या खात्यांच्या टोळ्याच कंपू करून बसतात. हजार खाती एका माणसाची असली की हजारांना एकमेकांचे मित्र करायला कितीसा वेळ लागतो? 2006 च्या 'सिबिलगार्ड' या संशोधनाचा आधारच हा आहे की खोटे आपसात हव्या तेवढ्या रेघा ओढू शकतात, पण खऱ्या माणसांपर्यंत पोचणाऱ्या रेघा थोड्याच राहतात, कारण तिथे समोरच्याने हो म्हणावं लागतं. त्या चिंचोळ्या गळ्यावर नजर ठेवायची. आकडा नव्हे, वीण पाहायची, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं.

खोटी खाती पकडणं हे सुरक्षेचं एक टोक; दुसऱ्या टोकालाही रंग आहेत. समजा कोणी छाती ठोकून म्हणाला, श्रीखंडे ग्राफ मी तीन रंगांत रंगवलाय, पण रंगसंगती दाखवणार नाही. ऑडेड गोल्डराइख, सिल्व्हिओ मिकाली आणि आवी विग्डरसन यांनी 1986 साली अशा माणसाची परीक्षा घेण्याची रीत काढली. त्याने सगळे ठिपके झाकून ठेवायचे. आपण कुठलीही एक रेघ निवडायची, तिच्या फक्त दोन टोकांवरचं झाकण त्याने उचलायचं. रंग वेगळे दिसले पाहिजेत. पुढच्या खेपेला त्याने रंगांची नावं आपसात बदलून पुन्हा झाकायचं: लालाचा निळा, निळ्याचा पिवळा. त्यामुळे आपण कितीही झाकणं उचलली तरी त्याची रंगसंगती आपल्याला जोडता येत नाही. पण तो खोटं बोलत असेल, आणि इथे तो खोटंच बोलतोय, तर 48 पैकी निदान एक रेघ फसलेली असणारच. 480 खेपा परीक्षा घेतली तर तो निसटण्याची शक्यता साधारण 24 हजारांत एक उरते. खरं बोलणारा मात्र आपलं गुपित खिशात ठेवून पास होतो. पासवर्ड न सांगता पासवर्ड माहीत असल्याचं पटवून देण्याच्या आजच्या काही पद्धतींमागची कल्पना या झाकणांच्या खेळासारखीच आहे. ओळख पटवणं आणि ओळख उघडी करणं या दोन गोष्टी सुट्या करता येतात, हे मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्याकडे तर लॉजमध्ये खोली घ्यायची झाली तरी काउंटरवर आधारची झेरॉक्स ठेवून यावी लागते.

आता आकृतीचं एक न्यून. 16 पैकी कोणताही ठिपका उचलून दुसऱ्याच्या जागी आणता येतो, आणि चित्र जसंच्या तसं राहतं. आकृती स्वतःवर अशा 192 तऱ्हांनी बसते. नावं पुसली तर कोण कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. लपायला याहून चांगली जागा नाही, पण माणसांचा समाज असा कधी नसतो. कुणाला चार ओळखी, कुणाला चार हजार. कुणी दोन गावांना जोडणारा एकटाच. आपली प्रत्येकाची वीण वेगळी, आणि तीच आपल्याला पकडून देते. कंपन्या संशोधकांना जाळी देताना नावं काढून टाकतात आणि म्हणतात, आता कोणाला कोणी ओळखणार नाही. अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी 2009 साली नावं पुसलेलं ट्विटरचं जाळं घेतलं, फ्लिकरचं नावांसकट जाळं त्याच्या शेजारी ठेवलं, आणि फक्त कोण कोणाला जोडलेलं आहे एवढ्यावरून, दोन्हीकडे खाती असल्याचं ताडून पाहता येईल अशा लोकांपैकी एक तृतीयांश हुडकून काढले. चुकीचं प्रमाण 12 टक्के. त्यांनी ना फोटो पाहिला, ना एक ओळ वाचली.

त्यावर उपाय सुचवणाऱ्यांनी जाळ्यात काही खोट्या रेघा घालून प्रत्येक माणसाचे निदान काही जुळे तयार करायच्या पद्धती काढल्या आहेत, म्हणजे श्रीखंड्यांच्या सोळाजणांकडे समाजाला थोडं सरकवायचं. पण जितक्या खोट्या रेघा घालाव्यात तितकं जाळं अभ्यासाच्या कामाचं राहत नाही, आणि जितक्या कमी घालाव्यात तितके चेहरे पुन्हा उघडे पडतात. या दोन्हींच्या मधली जागा किती रेघांवर आहे यावर अजून लेख निघत आहेत.